साडेतीन डझन रात्री

काळ्या कॅरीबॅगमधून आणलेलं झाड बाहेर काढलं की आधी वास येतो, कुजक्या कांद्यासारखा. मग खोड दिसतं. मातीपासून चार बोटं काळं पडलेलं, अंगठ्याने दाबलं तर आत जाईल इतकं मऊ. शेंड्याची पानं मात्र अजून हिरवीगार असतात, एखादा फुलांचा गुच्छही टिकून असतो. त्यामुळे झाड गेलंय हे समोरच्या बाईला पटत नाही. "ताई, पाणी रोज घालत होते की ओ. एक दिवस चुकवला नाही," ती सांगते.

सोलापुरात हे ऐकून घेणं सोपं नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी बाई गजर लावून उठते, पिंप, हौद, हंडे, कळशा, स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरून ठेवते आणि पुढचे दिवस तांब्या-तांब्याचा हिशेब करते. त्या हिशेबातून रोज एक तांब्या काढून तिने कुंडीत ओतलेला असतो. घरच्यांच्या वाटणीतलं पाणी झाडाला दिलं आणि त्याच पाण्याने झाड मेलं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? झाड कशाने मरतं ते कळल्यापासून मला हा प्रश्न पडतो. आता उत्तर द्यायला शिकले आहे, पण त्याला बरीच वर्षं लागली.

विजापूर रस्त्याला माझी नर्सरी आहे. वीस वर्षं होऊन गेली. चार गुंठे जागा, वर हिरवी जाळी, मागे पत्र्याची शेड. तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता या झाडांवर आमचं घर चालतं, पण डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने कलांचोचे. ज्याला जसं जमेल तसं तो नाव घेतो. कोणी कलांचू म्हणतं, कोणी कॅलेंचो, आणि बरेच जण नुसतं 'ती जाड पानांची, बारीक फुलांची' म्हणून बोट दाखवतात. वीतभर उंचीचं झाड, मेणासारखी गुळगुळीत, कडेला दाते असलेली पानं, आणि वर चार पाकळ्यांच्या इवल्या फुलांचे दाट गुच्छ. लाल, शेंदरी, पिवळी, गुलाबी, पांढरी. अलीकडे डबल जातही येते, तिचं एकेक फूल गुंजेएवढ्या गुलाबासारखं दिसतं. एकदा फुललं की महिना-दीड महिना गुच्छ तसाच राहतो. हार-गजऱ्याची फुलं संध्याकाळपर्यंत सुकणाऱ्या आमच्या गावात लोकांना त्याचं फार अप्रूप वाटतं.

झाड मूळचं मादागास्कर बेटावरचं. जर्मनीतल्या पॉट्सडामच्या ब्लॉसफेल्ड नावाच्या बियाणे-व्यापाऱ्याने 1932 मध्ये ते युरोपच्या बाजारात आणलं, म्हणून शास्त्रीय नावात त्यांचं नाव अडकलं आहे. आज डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये काचघरांतून ते लाखांनी तयार होतं. आपल्याकडची पानफुटी ही याची सख्खी बहीण, एकाच वंशातली. पानफुटीचं पान वहीत ठेवलं तरी कडेने पिल्लं फुटतात, हे ज्याने लहानपणी पाहिलं आहे त्याला कलांचोच्या जिवाची चिवटाई वेगळी सांगायला नको. आणि तेच झाड माझ्या गिऱ्हाइकांकडे काही महिन्यांत मरत होतं.

पहिला माल आम्ही 2004 च्या जानेवारीत आणला. पुणे रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांगच्या रांग आहे. तिथून टेम्पो भरून रात्रभर दोनशेच्या वर किलोमीटर यायचं आणि उजाडता उजाडता उतरवून घ्यायचं. त्या वर्षी दोनशे कुंड्या आणल्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, म्हणजे जत्रेचे दिवस होते. अक्षता सोहळ्याला आलेली माणसं, होम मैदानावरून परतणारी कुटुंबं, सगळं गाव रस्त्यावर. दीडशे कुंड्या आठवड्यात गेल्या. मी आणि माझे यजमान रात्री पैसे मोजत बसलो तेव्हा वाटलं, आपल्याला धंदा सापडला.

उरलेल्या पन्नास मी जपल्या. रोज झारीने पाणी, पंधरा दिवसांनी शेणखत. मे महिन्यात ऊन बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलं तेव्हा पानं लालसर झाली, मी पाणी वाढवलं. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा बरं वाटलं, म्हटलं आता झाडं धरतील. गणपती येईपर्यंत पन्नासातलं एकही उरलं नाही. त्याच सुमाराला काळ्या कॅरीबॅगा यायला लागल्या.

मी त्या बायकांना काय सांगितलं हे लिहायला जड जातं, पण लिहिते. मी सांगितलं, "हे थंडीतलं झाड आहे, झेंडू-शेवंतीसारखं. फुलं झाली की जातंच. पुढच्या वर्षी नवीन न्यायचं." मला तसंच वाटत होतं, हे खरं. पण तसं वाटण्यात माझा फायदाही होता, हेही खरं. तीन-चार वर्षं मी हेच सांगत राहिले आणि दर जानेवारीत त्याच बायकांना नवी कुंडी विकत राहिले.

ते थांबलं एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. कापड मिलमध्ये जॉबर होते, मिल बंद पडल्यावर घरी बसले. एके दिवशी सायकलच्या कॅरिअरला डालड्याचा पत्र्याचा डबा बांधून आले. डब्यात कलांचो. खोड अंगठ्याएवढं जाड आणि सालीवर राखाडी रंग, म्हणजे झाड जुनं. "तुमच्याकडूनच नेलं होतं, चौथं वर्ष आहे. आता फांद्या फार झाल्या, छाटायच्या कुठून ते दाखवा," म्हणाले. मी विचारलं, माती कोणती? त्यांनी डबा वाकडा करून दाखवला. तळाला खिळ्याने पाडलेली दहा-बारा भोकं. वर फुटक्या कौलांचा चुरा, थोडा मुरूम, चुलीतला कोळसा आणि मूठभर शेणखत. आमची सोलापूरची काळी माती त्यात चिमूटभरसुद्धा नव्हती. "काळीत पाणी धरतं. ज्वारीला चांगलं, याला कशाला?" ते सहज बोलून गेले. कोरडवाहू ज्वारी पिकवणाऱ्या घरातला माणूस, त्याला माती कळत होती. मी धंदा करत होते आणि मला कळत नव्हती.

ते गेल्यावर मी विक्रीची एक कुंडी उलटी केली. पुण्याकडून येणारं झाड नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेलं असतं. वजनाला हलकं, टेम्पोत जास्त बसतं, म्हणून तसं. पण कोकोपीट एकदा भिजलं की आत ओल धरून ठेवतं. वरून हात लावला तर कोरडं लागतं, आत दोन बोटं खाली चिखल. गिऱ्हाईक वरून बघतं, कोरडं वाटतं, पाणी घालतं. शिवाय कुंडी शोभेच्या प्लास्टिकच्या कवचात ठेवलेली असते, त्याला भोक नसतं, खाली पाणी साचून राहतं. झाड त्या पाण्यात उभं असतं आणि कोणाला दिसत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे आलेला प्रत्येक कलांचो मी आधी उपसते. मुळांभोवतीचं कोकोपीट बोटांनी हलकं सोडवायचं, मुळं तोडायची नाहीत, निम्मं गेलं तरी पुरे. मग दोन भाग चाळलेला बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा, एक भाग लाल माती, एक भाग मुरलेलं शेणखत. मातीची कुंडी मिळाली तर उत्तम. भरल्यावर तीन-चार दिवस पाणी अजिबात नाही, दुखावलेली मुळं भरून यायला हवीत. एवढं करायला एका कुंडीमागे सात-आठ मिनिटं जातात, आणि दोनशे कुंड्या म्हणजे दोन माणसांचे दोन दिवस. कुंडीचे दहा रुपये वाढवावे लागले. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक कुरकुरलं. पण काळ्या कॅरीबॅगा कमी झाल्या.

पाणी कधी घालायचं, हे मी आता वार सांगून सांगत नाही. 'आठवड्यातून एकदा' म्हटलं की माणूस रविवार धरतो, मग पाऊस असो की ऊन. मी त्यांच्या हातात पान देते. खालचं, जुनं पान अंगठा आणि बोटाच्या मध्ये हलकं दाबून बघा. पुरीच्या पिठासारखं घट्ट लागलं तर पाण्याचं नाव काढायचं नाही. पोळीच्या कणकेसारखं मऊ झालं, अंगावर बारीक सुरकुती आली, तर कुंडीच्या तळातून पाणी येईपर्यंत भरपूर घालायचं आणि पुन्हा पान घट्ट आहे तोवर विसरायचं. बायकांना हे लगेच कळतं. पीठ-कणकेचा फरक बोटांनी ओळखणाऱ्या हातांना कॅलेंडर लागत नाही. थंडीत हे आठ-दहा दिवसांवर जातं, मे महिन्यात सावलीत ठेवलेल्या झाडाला चार-पाच दिवसांवर येतं. म्हणजे उन्हाळ्यात आमच्या नळाचं वेळापत्रक आणि या झाडाची तहान जवळजवळ सारखी. सोलापुरात हे झाड टिकू शकतं, नव्हे, चांगलं टिकतं, असं मी आता छातीठोकपणे सांगते ते याच्या भरवशावर. त्याला आमचं ऊन मारत नाही. दुपारच्या उन्हात पानं भाजतात, तेवढं पूर्वेच्या गॅलरीत ठेवून निभावतं. त्याला मारतो तो रोजचा तांब्या.

पान पाणी कसं राखतं, ते मला एका बाईंनी शिकवलं. इथल्याच एका महाविद्यालयात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि विद्यार्थ्यांसाठी रोपं न्यायला यायच्या. एकदा सकाळी सातला आल्या, कोपऱ्यातल्या पानफुटीचं पान तोडलं, त्याचा कपटा मला दिला. "जिभेवर ठेवा आणि थुंकून टाका." आंबट, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखं. "आता संध्याकाळी पुन्हा बघा." संध्याकाळी पाचला त्याच झाडाचं दुसरं पान ठेवलं, तर चव पार बदललेली. आंबटपणा नाहीच, किंचित कडवट.

बाईंनी सांगितलं की हे आपल्याच देशात लक्षात आलेलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात बेंजामिन हाइन नावाचे वनस्पती-अभ्यासक होते. पानफुटीचं पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडसर लागतं, हे त्यांनी चाखून टिपून ठेवलं आणि 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात ते छापून आलं. कारण पुढे उलगडलं. इतर झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात, आणि त्याच छिद्रांतून त्यांचं पाणी उडून जातं. ही झाडं दिवसा दारं लावून बसतात. रात्री, गारव्यात, उघडतात, हवा आत घेतात आणि तिचं आम्ल करून पानात साठवतात. दिवसा ऊन आलं की ते साठवलेलं आम्ल वापरून अन्न तयार होतं, म्हणून संध्याकाळी आंबटपणा संपलेला असतो. उन्हाळ्यात दुपारी खिडक्या-दारं लावून अंधार करून बसणारं आणि संध्याकाळी अंगणात पाणी मारून दारं उघडणारं आमचं गाव मला त्या क्षणी आठवलं. वीस वर्षांत कोणत्याही झाडाबद्दल इतकं जवळचं काही मी ऐकलेलं नाही.

पण चव घेण्याची ही गोष्ट मी आता गिऱ्हाइकांना सांगत नाही. त्याला कारण घडलं. आपल्याकडे पानफुटीचं पान मुतखड्यावर खातात, हे सगळ्यांना माहीत आहे. एक गृहस्थ तेच मागायला आले. मी नव्हते. पानफुटी संपली होती. कामावरच्या पोराने कलांचोच देऊन टाकला, "एकाच जातीचं आहे, चालतं" म्हणाला. हे तो माझ्याच तोंडून शिकला होता, मीच येता-जाता 'पानफुटीची बहीण' म्हणायचे. त्या गृहस्थांनी दोन दिवस सकाळी उपाशीपोटी पाच-पाच पानं खाल्ली. उलट्या सुरू झाल्या, दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. सुदैवाने दोन दिवसांत घरी आले. त्यांच्या पत्नी कुंडी घेऊन आल्या, काउंटरवर ठेवली आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर बाईंकडून कळलं की या वंशातल्या झाडांमध्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात, आणि ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत अशी झाडं खाऊन गुरं दगावतात. पानफुटीही त्याच वंशातली आहे. त्या दिवसापासून माझ्याकडे औषध म्हणून कोणतंही झाड विकलं जात नाही. कोणी मुतखडा म्हटलं की मी डॉक्टरांकडे जा म्हणते. कलांचोच्या वाफ्यावर पाटी आहे: 'शोभेचं झाड. खायचं नाही. शेळी, मांजर, लहान मूल यांच्यापासून लांब.' विक्री थोडी कमी झाली असेल. होऊ दे.

आता फुलांचं सांगते. माती सुधारली, पाणी सुधारलं, झाडं जगायला लागली आणि मग नवी तक्रार आली: झाड छान आहे, पण दुसऱ्या वर्षी फूलच नाही. अशोक चौकाच्या पलीकडे यंत्रमागांची वस्ती आहे, तिथल्या एक अक्का दोन वर्षं सारखं हेच विचारत होत्या. घरची बोली तेलुगू, माझ्याशी मराठी. घराला लागूनच टॉवेलचा कारखाना. त्या टॉवेलच्या कडा शिवायच्या आणि घड्या घालून डझनाचे गठ्ठे बांधायच्या. "पानं बघा की ताई, कशी तळहाताएवढी झालीत. कळी काय नाही. खत कमी पडायलंय काय?" मी हो म्हणाले. सुपरफॉस्फेट दिलं. पुढच्या वर्षी पानं आणखी मोठी झाली.

2011 मध्ये माझ्याच नर्सरीत चोरी झाली. पाण्याची मोटर आणि चाळीस-पन्नास कुंड्या गेल्या. आम्ही फाटकावर मोठा हॅलोजन लावला, रात्रभर जळणारा. त्या वर्षी पहिल्यांदाच मी पुण्याचा माल कमी करून स्वतः कटिंग लावून तीनशे झाडं तयार केली होती. शेंडे खुडून भरगच्च केली होती, एकाही झाडाला पिठ्या ढेकूण नाही. डिसेंबर आला, मागच्या रांगा कळ्यांनी भरल्या आणि पुढच्या रांगांत नुसता पाला. माती तीच, पाणी तेच, कटिंग एकाच मातृवृक्षाचं. मी पुढच्या रांगांना द्राक्षवाल्यांकडून आणून झिरो-बावन्न-चौतीस खत फवारलं. काही नाही. गड्डा डोक्यावर आलेला, आणि निम्मा माल विकायच्या लायकीचा नाही.

बाई एका संध्याकाळी उशिरा आल्या, दिवा लागलेला होता. वाफ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "शेडची सावली बघा." पत्र्याच्या शेडची सावली वाफ्यावर तिरकी पडली होती, सुरीने कापल्यासारखी. कळ्यांची रेघ बरोबर त्या सावलीच्या कडेने गेली होती. एका झाडाच्या दोन फांद्या उजेडात होत्या आणि दोन अंधारात. अंधारातल्या दोन्हींवर कळ्या आणि उजेडातल्या कोऱ्या. मी हॅलोजनकडे पाहिलं आणि मला तिथेच खाली बसावंसं वाटलं.

हे झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. रात्र बारा तासांच्या वर गेली आणि सलग काही आठवडे तशीच राहिली, तर ते कळी धरतं. मध्येच उजेड पडला की त्याच्या लेखी रात्र मोडली, पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी 1920 मध्ये तंबाखूवर काम करून झाडांचा हा स्वभाव जगापुढे मांडला, आणि पुढे याच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळांत जी झाडं वापरली गेली त्यांत कलांचोही होता. सोलापूरला सप्टेंबरच्या अखेरीपासून रात्र मोठी व्हायला लागते, डिसेंबरात ती तेरा तासांच्या आसपास जाते. म्हणजे आमच्या गावात या झाडाला फुलायला आपण काहीच करायचं नसतं. आपण फक्त दिवा लावायचा नसतो.

त्याच रात्री मी हॅलोजन काढला. त्याऐवजी एक कुत्रा पाळला.

दुसऱ्या दिवशी अक्कांकडे गेले. जाऊन बघायला हवं होतं ते मी दोन वर्षं दुकानात बसून खत सांगत होते, याची लाज मला अजून वाटते. त्यांची कुंडी ओट्यावर होती, कारखान्याच्या खिडकीखाली. खिडकीच्या आत ट्यूबलाइट, मागांचा खटखटाट, रात्रपाळी सुरू. ते दिवे वर्षानुवर्षं रात्री विझलेले नव्हते. तिथे बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. मी ओरडून सांगितलं, हिला रात्र मिळत नाही. अक्कांना आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग गप्प झाल्या. त्यांचा सगळा जन्म त्या खटखटाटात गेलेला. यजमानांची तिसरी पाळी, नंतर मुलाची. "आमालाच कुठं मिळती ताई," एवढंच म्हणाल्या.

कुंडी आत ठेवायला जागा नव्हती, दोन खोल्यांत सात माणसं. माग बंद ठेवायचा प्रश्नच नव्हता. मग त्यांनीच टॉवेल भरायचं पुठ्ठ्याचं खोकं आणलं, जाड, बाहेरगावी माल पाठवायचं. ते कुंडीवर उपडं घातलं आणि मला म्हणाल्या, बघा उजेड जातो का. एका सांध्यातून रेघ जात होती, तिथे खाकी टेप लावली. संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी आठला काढायचं. दिवसभर ऊन-उजेड हवाच, नाहीतर झाड अंधारात पिवळं पडेल. सहा आठवडे, एक रात्र न चुकवता. डिसेंबर संपत आला होता, पण खोक्याला ऋतू नसतो.

"सहा आठवडे म्हणजे किती रात्री?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे साडेतीन डझन."

मार्चमध्ये, माझ्या वाफ्यातली सगळी फुलं उतरल्यावर, त्यांच्या ओट्यावर ती कुंडी फुलली. शेंदरी. मी बघायला गेले तेव्हा भिंतीवर खडूच्या रेघा होत्या, रोज एक, बारा झाल्या की आडवी काट, जशा त्या गठ्ठ्यांच्या मारतात. तीन काटा आणि वर सहा रेघा. नातवाला कोणी पुसू देत नव्हतं.

2020 च्या टाळेबंदीत मला पहिले तीन आठवडे नर्सरीत जाता आलं नाही. मार्च-एप्रिलचं ऊन, मोटर बंद. परत गेले तेव्हा नेचे गेले होते, हंगामी फुलं गेली होती, मोगऱ्याची निम्मी रोपं वाळली होती. शेडच्या सावलीत कलांचो उभे होते, पानं सुरकुतलेली, लाल पडलेली, जिवंत. मी रडले, ते मोगऱ्यासाठी की यांच्यामुळे, सांगता येत नाही. पाणी मात्र त्या दिवशी हात आखडून घातलं. पहिल्या दिवशी एक कप, तिसऱ्या दिवशी थोडं जास्त. पोराला वाटलं, इतके दिवस तहानलेल्या झाडांना मी कंजुषी करते आहे. त्याला पान दाबायला लावलं.

आता दसरा झाला की मी गिऱ्हाइकांना फोन करते, ज्यांच्याकडे जुनी झाडं आहेत त्यांना. गॅलरीतला दिवा बघा. रस्त्यावरचा नवा पांढरा एलईडी कुंडीवर येत असेल तर कुंडी भिंतीच्या आडोशाला न्या. दिवाळीचा आकाशकंदील आणि दिव्यांची माळ रात्रभर जळत असेल तर तेवढे दिवस झाड वेगळ्या खोलीत. फूल आलेलं झाड मात्र कुठेही ठेवा, दिवाणखान्यात दिव्याखाली ठेवा, त्याची रात्र मोजून झालेली असते.

अक्कांची कटिंगं त्या गल्लीत आता सात-आठ घरी गेली आहेत. त्यांना फोन करायची वेळ येत नाही, त्याच करतात. कोजागरी झाली की मागांच्या खटखटाटातून आवाज येतो, "ताई, आज खोकी घातली ओ. साडेतीन डझन झाली की कळवते."